औषध गेलं कुठं

१४ एप्रिल २०१८, शनिवार

दिवाळीला कंपनीनं सगळ्यांना एकेक चपटा बॉक्स दिला. काजूकतली समजून उघडला तर ही डायरी. इतके महिने कपाटात पडून होती. आता लिहायला घेतली, कारण काही गोष्टी व्हॉट्सॲपवर टाकता येत नाहीत आणि ताई माझा फोन चेक करते.

नाव बजरंग महिपती खुटवड. वय तेवीस, वजन सेहेचाळीस. नाव ठेवताना घरच्यांनी जरा धीर धरायला हवा होता. हिंजवडीत एका आयटी कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला आहे. म्हणजे इंजिनियर लोकांच्या माऊसची वायर निघाली की मी ती लावतो. बारावी दोन फटक्यांत पास, त्यामुळे वायरच्या पुढे मला कुणी जाऊ देत नाही.

आजार क्रोन्स. आपल्याच अंगातले पोलीस आपल्याच आतड्यावर लाठीचार्ज करतात, असा आजार. त्यावर बायोलॉजिक नावाचं इंजेक्शन आहे, दर पंधरा दिवसांनी. पोटावर मी स्वतःच टोचतो. ऑक्टोबरात सुरू केलं आणि जानेवारीत मी चक्क मिसळ खाल्ली, तीसुद्धा तर्री मारून. काही झालं नाही. आई देवाला गेली, मी परत मिसळीला.

आज इंजेक्शनचा दिवस. आप्पा, म्हणजे माझे वडील, सकाळीच दुकानातून बॉक्स घेऊन वर आले. कात्रजला घराच्या खालीच आमचं दुधाचं दुकान आहे. आधी इंजेक्शनं घरच्या फ्रीजमध्ये असायची, दाराच्या कप्प्यात, अंड्यांशेजारी. पण आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते आणि मग फ्रीजचं कपाट होतं. फेब्रुवारीत आप्पा म्हणाले, "तुमच्या त्या डबड्यावर माझा भरवसा न्हाय. एवढा भारी माल. माझ्याकडं इन्व्हर्टर हाय." तेव्हापासून ती दुकानातल्या मोठ्या फ्रीजमध्ये असतात. आईस्क्रीमच्या कोनांच्या आणि मटारच्या पिशव्यांच्या खाली, अगदी तळाला. वरचं झाकण दिवसभर उघडतं ना, म्हणून. आप्पांनी तीस वर्षांत दूध नासू दिलेलं नाही. असं ते सांगतात, आणि गिऱ्हाईकंही सांगतात.

सिस्टरनी सांगितलंय, टोचायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा. आप्पा पहाटेच काढतात. पुठ्ठा ओला होऊन मऊ पडलेला असतो. आतलं औषध जरा गढूळ वाटलं. आप्पा म्हणाले, "साय धरली आसंल. हलव की." हलवलं. टोचलं. आप्पा नेहमीसारखे भिंतीकडं तोंड करून उभे. म्हशीचं रेडकू अडलं तर कोपरापर्यंत हात घालतात, पण माझ्या पोटात सुई बघवत नाही.

१९ एप्रिल, गुरुवार

ऑफिसच्या टॉयलेटच्या दारावर पाटी लावली : 'आत बसलेला माणूस आपल्यापेक्षा दुःखी आहे. दार ठोकून त्याचे दुःख वाढवू नये.' एचआरनं मेल टाकली, कंपनीच्या मूल्यांबद्दल. कुणी लावली कळलं नाही. सगळ्यांनी फोटो मात्र काढले.

आज चार वेळा गेलो. मागच्या महिन्यात दिवसाला एकदा जायचो, माणसासारखा. ऊन वाढलंय, त्यानं असेल.

२९ एप्रिल, रविवार

काल इंजेक्शन घेतलं. आज रक्त. थोडंच. फ्लश केलं. आई बाहेरून म्हणाली, "एवढा वेळ काय करतोस रे आत?" म्हटलं, "आधार लिंक करतोय."

कुणाला सांगितलं नाही.

११ मे, शुक्रवार

मागच्या आठवड्यात ताईनं पकडलं. माझ्या पट्ट्याला मी खिळ्यानं नवीन भोक पाडलेलं तिला दिसलं. भाग्यश्रीताई मोठ्या कंपनीत टेस्टर आहे, चुका शोधायचा पगार घेते आणि घरी फुकट काम करते. तिनंच पूर्णिमा मॅडमची, म्हणजे माझ्या पोटाच्या डॉक्टरांची, वेळ घेतली, परवा स्कॅन झाला, आज मॅडमनी दाखवला. लहान आतडं जिथं मोठ्याला मिळतं तिथं बोटभर जागा अरुंद झालीये. सिंहगड रोडसारखी.

मी हे बोललोही. मॅडम हसल्या नाहीत. एरवी हसतात.

म्हणाल्या, "बजरंग, इंजेक्शनं वेळेवर घेतोस?"

"हो."

"सगळी?"

"मॅडम, सुई आहे ती. हौस म्हणून जास्तीची घेत नाही आणि विसरायला ती काय छत्री आहे का."

मग त्यांनी समजावलं. औषध चालत नाहीये, पण का चालत नाहीये ते अंदाजानं ठरवायचं नाही. रक्तात औषधाची लेव्हल मोजायची. पुढचं इंजेक्शन घ्यायच्या आधी, त्याच दिवशी. "सोसायटीच्या टाकीसारखं आहे. पाणी आल्यावर सगळ्यांचीच टाकी भरलेली दिसते. यायच्या आधी तळाला किती उरलंय, ते बघायचं."

मी विचारलं, "आणि तळाला काहीच नसलं तर?"

त्या म्हणाल्या, "आधी बघू तर." म्हणजे काहीतरी वाईट असतं.

येताना गाडीवर ताईनं शेवटी सांगितलं. ती जागा पूर्ण बंद झाली तर तेवढा तुकडा कापतात. काही महिने पोटावर पिशवी लावतात. शी त्यात.

मी म्हटलं, "बरंय, ऑफिसात दार ठोकायची भानगड मिटली." ताई हेल्मेटच्या आत रडत होती. काच खाली होती, पण खांदे कळतात.

२६ मे, शनिवार

रक्त दिलं. काढणाऱ्या मुलीला शीर सापडेना. म्हटलं, "रस्ता खोदून ठेवलाय, पुढच्या गल्लीतून जा." ती म्हणाली, "हलू नका, नाहीतर सगळेच रस्ते खोदीन." पुण्याचीच होती.

घरी येऊन आजचा डोस घेतला. आज जास्तच पांढुरकं होतं, आत बारीक कण. आप्पा म्हणाले, "एकजीव कर, एकजीव." केलं.

सॅम्पल मुंबईला जातं. रिपोर्ट यायला आठवडा. तोवर मी जेवत नाहीये फारसा. खाल्लं की त्या बोटभर जागेपाशी येऊन काहीतरी उभं राहतं आणि मला घाम फुटतो. आईला सांगतो ऑफिसात समोसे होते.

४ जून, सोमवार

रिपोर्ट आला. औषध जवळजवळ शून्य. मशीनला मोजता येतं त्याच्याही खाली. ऑक्टोबरापासून न चुकता टोचतोय आणि अंगात थेंब नाही.

मॅडम फोनवर ताईला म्हणाल्या, दोनच कारणं असतात. एक तर औषध अंगात गेलंच नाही. नाहीतर गेलं आणि शरीरानं त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करून ते खाऊन टाकलं. त्याचा वेगळा रिपोर्ट शनिवारी येईल. दुसरं असेल तर हे औषध माझ्यासाठी कायमचं संपलं.

फोन ठेवल्यावर घरात कोर्ट बसलं.

ताई म्हणाली, "बज्या, आई शप्पथ खरं सांग. चुकवलेस?"

"नाही."

"मागच्या वर्षी गोळ्यासुद्धा 'घेतो' म्हणायचास. तोंड सुजतं म्हणून कुंडीत टाकत होतास."

"त्या गोळ्या होत्या."

"तुळशीला केवढी पानं आली होती! आई दारच्या बायकांना दाखवायची!"

आई पदर तोंडाला लावून बसली. आप्पा पहिल्यांदाच मधे पडले. "मी माझ्या हातानं देतोय त्याला. परत्येक येळी. माझ्यासमोर टोचतंय पोरगं."

ताई म्हणाली, "आप्पा, तुम्ही भिंतीकडं बघत असता."

माझा एकमेव साक्षीदार असा गेला.

६ जून, बुधवार

ऑफिसात त्या पिशवीचा व्हिडिओ बघितला. एक माणूस हसत हसत दाखवत होता, कशी लावायची, कशी धुवायची. चांगला माणूस होता. मी पॅन्ट्रीत जाऊन सिंकला धरून उभा राहिलो.

माझ्या खऱ्याची फाटकी नोट झालीये. जो तो उजेडात धरून बघतो आणि परत देतो. पण मी खरंच घेतलीत इंजेक्शनं. मग औषध गेलं कुठं? माझ्याच अंगानं खाल्लं असेल तर पुढचंही खाईल. त्याच्या पुढचंही. मी आत्तापर्यंत सगळ्यांना फसवलं. आता माझं पोट मला फसवतंय आणि ते माझ्यापेक्षा हुशार आहे.

९ जून, शनिवार

हे नीट लिहितो.

मॅडमकडे आप्पा आणि मी गेलो. मॅडमना यायला वेळ होता, तोवर राधा सिस्टरनी आत बोलावलं. म्हणाल्या, "तू टोचतोस कसं ते बघायला सांगितलंय. दाखव करून." त्यांच्या फ्रीजमधलं, माझ्याच औषधाचं इंजेक्शन काढून हातात दिलं.

मी उजेडात धरलं. आत काहीच दिसेना.

"सिस्टर, रिकामी दिलीत."

"भरलेली आहे. असंच असतं ते. पाण्यासारखं."

"पाण्यासारखं कसं? ताकासारखं असतं ना, हलवून हलवून..."

आणि तिथंच माझी जीभ थांबली. कारण मला आईस्क्रीमचे कोन दिसले. मटारच्या पिशव्या दिसल्या. दगडासारख्या.

सिस्टरच्या हातातला कापूस तसाच राहिला. "हलवून? फ्रीजमध्येच ठेवता ना? बर्फात नाही ना ठेवत? गोठलं की गेलं हं ते. मग फेकायचं."

मी मागे बघितलं. आप्पा दारात उभे होते, माझी फाइल छातीशी धरून. आज भिंतीकडं बघत नव्हते. माझ्या हातातल्या त्या पाण्याकडं बघत होते.

मी म्हटलं, "सिस्टर, तुमची खेचत होतो."

त्यांनी हातावर चापटी मारली. "तुझं ना, काही खरं नाही!" बघा, खोटं बोललो की लगेच विश्वास बसतो.

मग मॅडमनी आत घेतलं. अँटिबॉडीचा रिपोर्ट आला होता. आहेत, पण थोड्या. मॅडम पेन ठेवून म्हणाल्या, "बजरंग, शेवटचं विचारते, ओरडणार नाही. डोस चुकवले असशील तर मी हेच औषध पुन्हा जोरात सुरू करते, या थोड्या अँटिबॉडीला ते पुरून उरेल. पण एकही चुकवला नसशील, तर याचा अर्थ तुझं शरीर ते टिकू देत नाहीये. मग हे बंद. दुसरं शोधायचं, आणि तोपर्यंत ती जागा थांबेल याची खात्री मी देऊ शकत नाही."

आप्पा शेजारच्या खुर्चीत. या माणसानं तीस वर्षांत कुणाचं दूध नासू दिलं नाही. आणि मी तिथं, बाईमाणसासमोर, सांगू की आप्पा, तुम्ही पोराचंच नासवलंत?

म्हटलं, "चुकवले मॅडम."

"किती?"

"फेब्रुवारीपासून सगळे. बेसिनमध्ये सोडत होतो. आप्पा भिंतीकडं बघत असतात ना."

मॅडम ओरडल्या नाहीत. आप्पांनी फाइल मांडीवर ठेवली, मग उचलली, मग परत ठेवली.

घरी ताई दोन दिवस बोलणार नाही म्हणाली. आईनं जेवायला वाढलं, तेही माझ्याकडं न बघता.

१० जून, रविवार

एक डोस अजून दुकानात होता. तो आधी काढून फेकायचा, असं ठरवून दुपारी खाली गेलो. झाकण उघडलं, कोन हलवले, मटार हलवले, हात बधिर झाला. बॉक्स नाही.

"आप्पा, माझा बॉक्स?"

"कसला बॉक्स?" म्हणाले आणि दह्याचं पातेलं घासायला बसले. पातेलं स्वच्छ होतं.

मला आता वेगळीच भीती बसलीये. काल मला फार हुशार वाटत होतं. पण मॅडम माझ्या खोट्यावर औषध ठरवणार. गोठलेलं औषध टोचणं आणि न टोचणं हे एकच असतं का? कुणाला विचारू? त्या थोड्या अँटिबॉडी त्या ताकामुळेच झाल्या असतील तर? आता जाऊन खरं सांगितलं तर आप्पा. नाही सांगितलं तर माझं आतडं. गूगलवर बघितलं, पहिल्याच पानावर घाबरून बंद केलं.

१६ जून, शनिवार

औषध पुन्हा सुरू. तेच, पण दर आठवड्याला, आणि घरी नाही. मॅडम म्हणाल्या, इथं येऊन राधा सिस्टरच्या हातानंच घ्यायचं. चोर ठरलो की असंच होणार.

एक गंमत. इंजेक्शनच्या खोलीत नवीन पाटी लागलीये : 'इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात नव्हे. दुकानाच्या फ्रीजमध्ये तर नव्हेच. हलवू नये, ते सरबत नाही.' म्हणजे आणखी कुणीतरी शहाणा आहे पुण्यात. मी घामाघूम झालो. सिस्टरना विचारलं, "कुणासाठी?" त्या म्हणाल्या, "सगळ्यांसाठी," आणि इंजेक्शन इतकं हळू दिलं की कळलंही नाही.

आप्पा बाहेर थांबले. आत आलेच नाहीत.

१४ जुलै, शनिवार

आप्पा माझ्याशी नीट बोलत नाहीत. दुकानात गेलो की "बस" म्हणतात आणि स्वतः उठून जातात. मी बेसिनमध्ये औषध सोडलं हे त्यांनी खरं धरलंय. गंमत बघा, त्यांच्यासाठीच बोललो आणि तेच रुसले. एकदा वाटतं, सांगून टाकावं. मग त्यांचा चेहरा बघतो. वाळलेत. आई म्हणते, अर्ध्या ताटावरून उठतात.

पोट? कधी बरं, कधी नाही. रक्त थांबलंय. पण ती जागा आहे तिथंच आहे. जेवल्यावर हात आपोआप तिथं जातो, गॅस बंद केला का बघायला जातो तसा. काल पुन्हा कळ आली आणि मी ऑफिसच्या जिन्यात पायरीवर बसलो. सिक्युरिटीवाले काका म्हणाले, "काय रे, आज कुणाची खेचायची?"

४ ऑगस्ट, शनिवार

परत लेव्हलसाठी रक्त दिलं. सिस्टर म्हणाल्या, आज जोक नाही? म्हटलं, आहे, पण पुढच्या आठवड्यात सांगतो. आठवडा आहे का माझ्याकडे, कुणास ठाऊक.

या वेळी शून्य आलं तर लपायला जागा नाही. सिस्टरनी स्वतःच्या हातानं टोचलंय सगळं. म्हणजे मग खरोखर माझं अंगच दोषी. मग पिशवी. आणि मग मॅडमना कळणार की मी खोटं बोललो आणि त्या खोट्यावर त्यांनी दोन महिने घालवले. माझे.

१३ ऑगस्ट, सोमवार

आप्पा म्हणाले, मी येतो. शटर अर्धं ओढून आले. दुकान सोमवारी बंद ठेवलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

मॅडमनी कॉम्प्युटर आमच्याकडं वळवला. लेव्हल सात पॉइंट दोन. अँटिबॉडी दिसत नाही. म्हणाल्या, औषध टिकतंय, काम करतंय. ती जागा पुढच्या महिन्यात स्कॅन करून बघू, आत्ता कापायचा विषय नाही.

मी म्हटलं, "मॅडम, ते मी... बेसिनमध्ये सोडलं म्हणालो होतो ते..."

मॅडम म्हणाल्या, "तुझ्या फाइलमध्ये मी ते लिहिलेलंच नाही."

"का?"

मॅडमनी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी पंख्याकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या घरात एकाला तरी खोटं नीट बोलता येतं का? तू येऊन गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, हे सकाळी सात वाजता दारात. हातात ओला बॉक्स. तुला सांगू नका म्हणाले. मी म्हटलं, ठीक आहे, सध्या नाही सांगत."

बाहेर आलो. पार्किंगमध्ये आप्पा गाडीवर बसले, मी मागे. गाडी चालू केली आणि तसेच थांबले.

"किती म्हनल्या बाई?"

"सात पॉइंट दोन."

"सात पॉइंट दोन." दोनदा स्वतःशी म्हणाले. "म्हशीच्या दुधाचं फॅट लागलं की रं."

मी हसलो. मग बघितलं तर आप्पांनी हँडलवर डोकं टेकवलं होतं आणि त्यांची पाठ हलत होती. आवाज नाही. मी हात ठेवू की नको करत शेवटी ठेवला. शर्टाला दुधाचा वास होता.

मागे स्कूटीवर एक काकू आल्या, वाट पाहिजे होती. हॉर्नवर हॉर्न. "अहो, घ्या की पुढे! काय मुक्काम करताय?"

मी खाली उतरून त्यांच्याकडं गेलो. "काकू, दोनच मिनिटं," म्हटलं. "गाडी चालू होत नाहीये."

गाडी कधीची चालू होती.